तुझ्या बाजूची काच

बुधवार, १९ तारीख, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही बरे आहोत, तुम्हीही असालच. हिची पाठ एकदाची थांबली, म्हणजे दुखायची थांबली. हे पत्र ही स्वतः घेऊन येते आहे आणि तुझ्याच हातात देईल. फोन केला असता, पण तो भावोजी उचलतात आणि लगेच स्पीकरवर टाकतात.

आधी तुमच्या गाडीचं. राणीसाहेब माझ्याकडेच आहेत आणि इतक्यात मी त्यांना परत पाठवणार नाही. भावोजींना सांगितलंय की काच वरखाली करणारा भाग झिजलाय, नवा मागवलाय, वेळ लागेल. ते खोटं आहे. भाग ठणठणीत आहे. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाला कधी थाप मारली नाही, ती मारली शेवटी घरच्या माणसाला.

दोन महिन्यांपूर्वी तू लिहिलं होतंस, की माझ्या बाजूची काच परत शिट्ट्या मारते, तुझ्या हाताला वय झालं की काय. तू चेष्टा केलीस, पण मला ते चांगलंच लागलं. जेवताना हात समोर धरून बघायचो, थरथरतो का म्हणून. ही म्हणाली, हात ठीक आहे, डोक्याचं बघा.

अगं, या जुन्या गाडीच्या दारात काचेला चौकट नसते. दार लावलं की काच नुसती उभी राहते, तिची कड छपराच्या रबराला टेकते आणि मागच्या काचेला जुळते. दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की वाऱ्याची शिटी सुरू आणि पावसाचं पाणी तुझ्या खांद्यावर. म्हणून आमच्यात नियम आहे, आधी दार आणि मग काच. दार बिजागरीवर सरळ बसलंय ना, ते बघायचं. त्यानंतरच आतले बोल्ट सैल करून काच आत-बाहेर, पुढे-मागे करायची. शेवटी रबरात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. अडखळत निघाली की झालं काम.

पहिल्या वेळी मी हे सगळं अगदी नेमाने केलं होतं. वर प्रत्येक बोल्टवर हिच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, हलला तर कळावं म्हणून. तुझ्या त्या पत्रापाठोपाठ गाडी परत आली. आतलं कव्हर काढून बघतो तर ठिपके जागच्या जागी. काच तसूभर हलली नव्हती. दारच खाली उतरलं होतं. पत्र्यावरून हात फिरवला तेव्हा आतून ठोकून काढलेला पोचा हाताला लागला, आणि त्यावर नवाकोरा रंग. भावोजींनी तो पोचा कुणाकडून तरी गुपचूप काढून घेतला होता.

विचारलं तर आधी म्हणाले, फाटकाचा खांब लागला. मग एक भिंतही निघाली. मग रस्त्याकडेला उभी असलेली हातगाडी. सगळं डावीकडचं, तुझ्या बाजूचं. मला एकदम आठवलं, आमच्याकडे हिने त्यांच्या डाव्या हाताशी चहा ठेवला होता आणि ते म्हणाले होते, मला चहा नाही वाटतं? आपण सगळे किती हसलो होतो. आणि हल्ली पेपरवाले ओळींची सुरुवात खातात म्हणून त्यांनी पेपर बदलला, हे तूच कळवलं होतंस. ताई, त्यांना डावीकडचं दिसत नाही. आणि दिसत नाही हे त्यांना कळतही नाही.

त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "तिला सांगू नकोस. चावी गेली तर मी दिवसभर करू काय?" ज्या माणसाने मला या धंद्याला लावलं, माझ्या हातात पहिला पाना दिला, त्याचा आवाज असा कापरा मी कधी ऐकला नव्हता. मी शब्द दिला.

आणि मग मी ते केलं, जे लिहायचं म्हणून बसलोय आणि इतका वेळ नेलपॉलिशच्या गोष्टी सांगतोय. बिजागरी सरळ करायची तर दार उतरवावं लागतं. गाडी आठवडाभर अडकली असती आणि तू विचारलं असतंस, का. म्हणून वाकडं दार तसंच ठेवलं आणि काच तिरकी करून त्याला जुळवली. शिटी बंद. पट्टीही छान अडखळली. सगळं कळत असताना, जी बाजू त्यांना दिसत नाही त्याच बाजूला तू बसणार हे माहीत असताना, मी ती गाडी परत पाठवली. मला त्या दिवसापासून घास गोड लागत नाही.

परवा, सोमवारी, शिटी पुन्हा सुरू झाली म्हणून भावोजी स्वतः गाडी घेऊन आले. दारावर कोपराच्या उंचीला काळ्या रबराचा ओरखडा होता आणि खिडकीखालच्या पट्टीत सायकलच्या आरशाचा तुकडा अडकला होता. मी विचारलं, कुणाला लागलं का. म्हणाले, "कुठे काय? कुणीच नव्हतं." ते खोटं बोलत नव्हते गं. त्यांना खरंच कुणी दिसलं नव्हतं.

काल मी तुमच्या घरापासून बाजारापर्यंत दुकानादुकानात विचारत पायी गेलो. पंक्चरवाल्याकडे वाकलेल्या हँडलची सायकल उभी होती, दवाखान्यातल्या नर्सबाईंची. शनिवारी सकाळी बाजाराच्या वळणावर एका जुन्या गाडीने उडवली म्हणाला. दवाखान्यात जाऊन त्यांना भेटलो. मनगट मोडलंय, हात गळ्यात आहे. मी कोण ते सांगितलं, भावोजींच्या डोळ्यांचंही सांगितलं. त्या आरडाओरडा करतील अशी तयारी ठेवली होती, पण त्या शांतपणे बोलल्या.

म्हणाल्या, "त्यांना दिसलं नसेल, मान्य. पण शेजारच्या बाईंना दिसलं होतं. काच खाली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि काच वर केली."

ताई, मी तीनदा विचारलं, नक्की ना. त्यांनी तुझ्या चष्म्याचंसुद्धा वर्णन केलं.

मी रागावलो नाही. रागवायला मला तोंड कुठे आहे? तुला सगळं ठाऊक होतं आणि तू मला काचेचं सांगत राहिलीस. मला सगळं ठाऊक होतं आणि मी तुला काच बसवून देत राहिलो. दोघांनाही त्यांचं मन मोडवेना. आणि मोडलं ते एका परक्या बाईचं मनगट. पुढच्या वेळी नुसत्या मनगटावर भागणार नाही, हे तुलाही कळतंय.

उद्या सकाळी दहाला मी येतो. दुपारची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. भावोजींना मीच सांगेन, जे काय बोलतील ते माझ्या डोक्यावर. पण त्याआधी आपण दोघं नर्सबाईंकडे जायचं. मी येतो म्हणून सांगून आलोय, तुझं मात्र सांगितलेलं नाही. त्यांच्या दारात मी तुझ्याशेजारी उभा राहीन. बोलायचं तुला आहे.

नाही म्हणू नकोस.

तुझ्याइतकाच अपराधी,
तुझा धाकटा