बैलानं डोळे मिटले

वडनेर,
तान्हा पोळा, १९७८

रूपरावदादा,

माह्या पोरीसाठी, जयवंतासाठी पोरगा पाहिल्याची तुही चिठ्ठी पोचली. "हात जोडून बोलते, लय गरीब स्वभाव हाय," असं लिहिलं तू. माह्या लग्नाच्या वेळी जयवंताच्या बापाबद्दल, यायच्याबद्दलही तू हेच म्हणलं होतं. हात तं हे अजूनही जोडतात, सोयऱ्यायपुढं.

काल पोळा फुटल्यावर बैल दाराशी आले. मी ओवाळाले ताट घेऊन उभी होती. यायनं टोपी सरळ कराले हात उचलला, अन् बैलानं मान खाली घालून डोळेच मिटले. लोक हासले, म्हणे बैल मालकाच्या पाया पडून राह्यला. मी हासली नाई, दादा. माहीही मान खाली गेलती.

त्या पोराच्या घरी पुन्हा जाजो. वावर पाहू नको, बोलणं आयकू नको. गोठ्यात त्यानं हात उचलला की बैलाकडं पाहाजो.

पण पत्र पेटीत टाकाले यायच्याच हाती द्या लागते. म्हणून हे पत्र घरीच राहीन. तू आला की तोंडानं सांगीन. नाई सांगता आलं, तं हे टोपी सरळ करतील तवा माह्याकडं पाहाजो.

तुही थकलेली बहीण,
आनंदा