चढत जाणारा आवाज

बाबा, त्या भजनी बुवांबद्दल तुमच्याशी नीट बोलायचं राहूनच गेलं. पावसची आपली बाग, हापूसच्या लाकडी पेट्यांना खिळे ठोकत मांडवात बसलेले तुम्ही, आणि पेंढ्याच्या ढिगावर, घरातून वायर ओढून लावलेला टेपरेकॉर्डर. काकांनी मुंबईला त्या मंडळींच्या भजनाला बसून स्वतः भरून आणलेली कॅसेट त्यात दिवसभर वाजते आहे. पहिल्या गजराला बुवांचा आवाज साधाच, पण पुढे पुढे तो चढत जातो, पखवाजही पळायला लागतो, आणि भैरवीला तर तो इतका उंच जातो की मी पेटीत पेंढा पसरायचा विसरते. हातोडी तशीच धरून तुम्ही म्हणता, "बघ गो, लोकांचा आवाज गाऊन गाऊन बसतो, ह्या मानसाचा चढतो. देवाची देणगी हाय." अख्ख्या वाडीला तुम्ही हे ऐकवलं होतंत, आणि मी अख्ख्या शाळेला.

मग तुमच्याच आग्रहावरून ती मंडळी आपल्या देवळाच्या उत्सवाला आली. संध्याकाळी आपण सगळ्यांच्या पुढे जाऊन बसलो. बुवांनी तोंड उघडलं आणि मला वाटलं, हा कोणीतरी दुसराच माणूस आहे. जाड, खालचा आवाज, संथ ठेका. आता चढेल, मग चढेल, म्हणून मी वाट बघत राहिले, आणि तो उतरतच गेला. भैरवीला नुसती खरखर उरली. मागून कोणीतरी म्हणालं, "काय रे, चढनार व्हता ना?" लोक हसले. मला रडूच फुटलं. ज्याच्यावर इतकी वर्षं जीव टाकला तो माणूस खोटा निघाला, आणि त्याच्यापायी माझे बाबाही खोटे पडले.

शेजारी बसलेले काका हळूच पुटपुटले, "ती कॅसेट भरताना शेवटाला सेल पार उतरले व्हते रे. टेप मंदावली व्हती." तुम्ही त्यांच्याकडे बघत राहिलात. भरताना मंदावत गेलेली टेप आपल्या विजेवरच्या मशीनवर शेवटाकडे भरभर वाजत होती, म्हणून आवाज चढता आणि ठेका पळता. आता तुम्ही काकांवर उखडणार, असं मला वाटलं. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "गप. आता ऐक." आणि डोळे मिटून त्या बसक्या आवाजाला असा कान दिलात, जसा कॅसेटलाही कधी दिला नव्हतात.

भजन संपल्यावर तुम्ही बुवांकडे गेलात. "आज गळ्यानं दगा दिला हो," ते ओशाळून म्हणाले. तुम्ही वाकून त्यांचे पाय धरलेत. "गळा गेला, पन एक ओळ नाय सोडलीत तुमी, बुवा." मी थक्क होऊन तुमच्याकडे बघत होते. वर्षानुवर्षांचा लाडका आवाज हातचा गेला, गावात हसं झालं, आणि त्याच बैठकीत तुम्ही त्या माणसावर नव्यानं भाळलात! हे कसं जमतं, मला अजून कळलेलं नाही.

शेवटच्या महिन्यात तुमचाही आवाज गेला. तोंडाशी कान नेला तरच शब्द कळायचे. मी सगळे ऐकले, बाबा. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा सांगून टाकते. बुवांचा खरा आवाज माझ्या लक्षातच राहिला नाही, आठवतो तो कॅसेटवरचाच. तुमचा मात्र तो शेवटचा, बसलेलाच आठवतो. त्याआधीचा आठवायला जाते, तर येत नाही.