दगडावरची मोकळी ओळ

जिबूती
२९ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आप्पा,

नमस्कार. मे महिन्यात निघताना मी तुमच्या पाया पडलो नव्हतो, तो नमस्कारपण यातच धरा.

पण आगवाला शिपाई नसतो हे तुमचं बोलणं मला आजपण पटलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात दादू बोटीच्या भट्टीत कोळसा टाकत होता. बोटीत काय भरलेलं? सैन्याचा माल. बोट फोडली कुणी? दुश्मनाच्या पाणबुडीनं. मग तो मेला तो कशात मेला, कुणाच्या वरातीत? तुम्ही बोलता, त्याच्या अंगावर वर्दी नव्हती. आप्पा, भट्टीसमोर उभा राहणारा माणूस अंगात गंजीफ्रॉकसुद्धा ठेवत नाही. मी बोटीवर आहे, मला विचारा.

आणि दादू काय परका होता? तुम्ही माझे चुलते, म्हणजे तुमच्या बापाचा बाप तो माझा पणजा. स्मारक समितीचे सेक्रेटरी तुम्ही. दोन वर्षं उन्हातान्हात घरोघर फिरून लढाईत गेलेल्यांची नावं गोळा केलीत तुम्ही. इंग्रजांच्या जुन्या दगडावर नुसता आकडा आहे, गावातून इतके गेले, इतके मेले. तो वाचून तुम्हीच बोलायचात, ही माणसं होती का मोजलेली गुरं. आणि नवीन दगडावर सगळ्यांची नावं घालताना आपल्याच घरातलं तेवढं बाहेर ठेवलंत. का, तर गाव बोलेल, आप्पानं स्वतःचा आजा घुसवला.

पालखी बसते त्या सहाणेवरच्या मीटिंगमध्ये भागोजीतात्या काय बोलले आठवतं ना. "आगवाल्याचं घालायचं तर माझ्या चुलत्याचं पण घाला. तो पण लढाईतच गेला, बायकोबरोबरच्या." सगळी माणसं हसली. भागोजीतात्यांचं मला काही नाही, ते मयताच्या घरीपण माणसं हसवून येतात. पण तुम्हीपण हसलात आप्पा. मी बघितलं. त्याच्यावर मी विचारलं की तुम्ही पलटणीत होतात तेव्हा दुश्मन कधी डोळ्यांनी बघितलात का. ते मी मागं घेत नाही. गावासमोर बोलायला नको होतं, एवढं काकू बोलली ते मात्र बरोबर आहे.

बरं, इथलं लिहितो. कंपनीनं आम्हाला हॉटेलात ठेवलंय. ऊन असं की आपला मे महिना थंड वाटावा. कपडे एजंटानं आणून दिले, माझी पँट कमरेत ढिली म्हणून सुतळी बांधलीय. आईला सांगा जेवण बरं आहे, मासे मिळतात, पण ना कोकम ना तिखट, नुसतं लिंबू पिळून पुढ्यात ठेवतात. काम काही नाही. बसलं की माझे पाय हलायला लागतात, म्हणून गच्चीवर फेऱ्या मारतो. हॉटेलवाला म्हातारा आहे, तो हातवारे करून सांगतो, फरशी झिजेल. त्याला हसायला लावलं की तेवढं बरं वाटतं. परत फेऱ्या चालू.

दमयंतीकाकीचे फोन येतात. मी घेत नाही. आईनं विचारलं तर सांगा तिकडं रेंज नाही.

रेंज चांगली आहे.

आई बोलली काकीनं पोराच्या, संदेशच्या खोलीला रंग काढायला घेतलाय. कुठला रंग विचारलं तर बोलली निळा, त्यालाच आवडतो. आईनं हे असं सांगितलं जसं काही चांगली बातमी आहे. मी फोनवर हां हां केलं आणि ठेवला. त्या दिवसापासून माझं हे असं झालंय, एका जागी थांबवत नाही.

मध्ये जेवायला हाक आली म्हणून उठलो. जेवलो नाही, तसाच परत आलो.

आप्पा, दगडाच्या तळाला तुम्ही एक ओळ मोकळी ठेवलीत ना, त्याच्यावरून पण आपलं वाजलं. मी बोललो, तिथं दादूला बसवा, जागा आहे. तुम्ही बोललात, ती जागा राखलेली आहे. कुणासाठी? तर पुढं कोण जाईल त्याच्यासाठी. मला ते ऐकून घाण वाटलेली. जिवंत पोरांमधल्या कुणासाठी तरी जागा धरून ठेवायची हे काय. मला वाटलं म्हातारा फौजी झाला की डोकं असंच चालतं. आता तसं वाटत नाही.

तुम्हाला गावात एवढंच ठाऊक आहे की बोटीला आग लागली, आम्ही वाचलो आणि संदेश बेपत्ता आहे. कंपनीनं काकीला तसंच कळवलंय. आम्हाला पण तसंच सांगायला लावलंय. चौकशी चालू आहे, विम्याचं ठरायचं आहे, तोपर्यंत घरी काही बोलायचं नाही, असं कागदावर लिहून सगळ्यांची सही घेतली. मी पण केली. इंग्रजी होतं. दहावी तीन खेपांत सुटलेल्या माणसाला काय वाचता येणार, पण काय लिहिलंय ते समजत होतं.

आग लागली नाही आप्पा. बोटीवर बॉम्ब पडला. तांबड्या समुद्रातून चाललो होतो, मी पुढं डेकवर रंग काढत होतो. भर दुपार. एक बारकं विमान आलं, माणूस नसलेलं, गवत कापायच्या मशीनसारखा आवाज. मी वर बघतोय तोपर्यंत ते मागं इंजिनच्या बाजूला घुसलं आणि फुटलं. कुणी सोडलं ते इथं जो तो वेगळं सांगतो. आमचं कुणाशी भांडण नव्हतं. आमच्या बोटीत गहू होता.

संदेश खाली इंजिनात होता, तेलपाण्याच्या कामाला. दादू ज्या जागी असायचा तीच जागा. आता कोळसा नाही एवढाच फरक.

मी पाण्याचा होज घेऊन धावलो. जिन्याच्या वरून मला तो दिसला, खाली पालथा पडलेला. मी उतरलो. आमचा मुकादम, बोसन, वरून शिव्या घालत होता, वर ये म्हणून. मी संदेशला उलटा केला. त्याच्या गालाला हात लावला, छातीला कान लावला. आप्पा, तो गेलेला होता. यात मला काही शंका नाही. मी त्याला काखेत धरून जिन्याच्या चार पायऱ्या वर घेतला असेन, मग धूर एवढा झाला की माझा मलाच हात दिसेना. बोसननं मला मानगुटीला धरून ओढला. संदेश तिथंच राहिला. आम्ही होडीत उतरलो, एका लढाऊ बोटीनं उचललं, आणि दुसऱ्या दिवशी बोट बुडाली असं कळलं.

तर तो बेपत्ता नाही. कुठं आहे ते मला माहीत आहे.

हे मी आईला सांगितलेलं नाही, कुणालाच सांगितलेलं नाही. फोनवर हे बोलता येत नाही. दमयंतीकाकीचं नाव फोनवर दिसलं की मला वाटतं ती विचारणार, तू बघितलास काय रे त्याला, आणि मी खोटं बोलणार.

तुम्ही मला मांडवीच्या जेट्टीवर बसून चिमाआजीचं सांगितलंय. मी शाळेत होतो तेव्हा. दादू बेपत्ता असा कागद आला, मेला असा आलाच नाही, म्हणून तिनं कुंकू पुसलं नाही. मुंबईची बोट यायची त्या दिवशी तुम्हाला हाताला धरून बंदरावर जायची. छोट्या पडावातून उतारू उतरायचे आणि ती एकेकाचं तोंड बघायची. तुम्ही बोललात, मला लाज वाटायची, मी तिचा हात सोडवायला बघायचो. लढाई संपून वीस-बावीस वर्षं झालेली आणि ही अजून तोंडं बघतेय. ती असेपर्यंत दादूचं पान कुणी वाढलं नाही. तिच्या मागं तुम्ही सर्वपित्रीला वाढायला लागलात, कारण तो कुठल्या दिवशी गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आप्पा, दमयंतीकाकीची चिमाआजी व्हायला नको. खोलीला रंग काढून झाला की ती पुढचं काहीतरी काढेल. कॉट घेईल. मुलगी बघेल.

म्हणून हे पत्र. नाहीतर मी काही तुम्हाला लिहिणार नव्हतो.

तुम्ही तिच्याकडं जा. दुसऱ्या कुणाला पाठवू नका, आईला तर नकोच, ती वाटेतच रडायला लागेल. हे काम गावात तुम्हालाच येतं. कारगिलच्या वेळी महिपत गेला तेव्हा मी जन्मलो पण नव्हतो, काकूनं सांगितलेलं लिहितो. बातमी पोलीस पाटलाकडं आली आणि तो ती घेऊन जाईना. तुम्ही नुकते पेन्शनीत आलेले. तुम्ही बोललात, मी जातो. पेटीतली वर्दी काढून घातलीत. महिपतच्या घरी गेलात तर त्याची बायको, नम्रतावहिनी, तुम्हाला बघून पाण्याचा तांब्या घेऊन दारापुढच्या खळ्यात आली. मयताची बातमी घेऊन आलेला माणूस त्या घरचं पाणी पीत नाही. तुम्ही हात पुढं केला नाहीत. ती बोलली, "घ्या ना भावजी, उन्हातनं आलात." तरी तुम्ही हात केला नाहीत. मग तिला समजलं. काकू सांगते, वहिनीचा भाऊ मुंबईहून येईपर्यंत तुम्ही ते खळं सोडलं नव्हतं.

मी तुम्हाला मीटिंगमध्ये विचारलं ना, दुश्मन कधी बघितलात का. हे मला तेव्हा आठवायला पाहिजे होतं.

तर तसंच जा. वर्दी घालायची की नाही ते तुम्ही ठरवा. काकी तुम्हाला पाणी आणणारच, पायरीवर कुत्रा आला तरी पाणी ठेवणारी बाई आहे ती. घेऊ नका. आणि मग तिनं विचारलं तर सगळं सांगा, मी लिहिलंय तसं, की सर्वेशनं हात लावून बघितलं. तो एकटा नव्हता हे सांगा. चार पायऱ्या वर आणला होता हे सांगितलंत तरी चालेल, नाही सांगितलंत तरी चालेल.

आणि दिवस सांगा. गणपती बसायच्या आदला दिवस, हरतालिका. भाद्रपद शुद्ध तृतीया. हा दिवस कंपनीच्या कुठल्या कागदावर नाही, आग त्यांनी दुसऱ्या दिवशीची दाखवलीय. पण मी तिथं होतो. हे पत्र पोचेल तोपर्यंत सर्वपित्री होऊन गेलेली असेल, तर होऊ दे. संदेशला सर्वपित्रीची गरज नाही. त्याला त्याची तिथी आहे.

कागदावर सही केलीय त्याचं काय होईल ते होईल. फार तर परत बोटीवर घेणार नाहीत.

दीपक म्हणून आमचा कूक आहे, आंजर्ल्याचा, तो उद्या घरी निघालाय. त्याच्या हातात देतोय. तो आधी तुमच्याकडं येईल, मग त्याच्या घरी जाईल, तसं त्यानं कबूल केलंय. त्याला जेवायला घाला. पाणी पण द्या. तो बातमी आणत नाहीय, नुसता कागद आणतोय. बातमी तुम्ही नेणार आहात.

राहिलं दगडाचं. दसऱ्याला तो उघडणार, त्याच्या आधी दगडवाल्याला बोलावून घ्या. ती राखलेली ओळ संदेशला द्या. समिती बोलेल हा तर शिपाई नाहीच, कसली लढाई, कुणाची लढाई. त्याला उत्तर माझ्याकडं नाही. तुमच्याकडं असेल. नसलं तर नुसते उभे राहा, तुम्ही उभे राहिलात की गावात कुणी फार बोलत नाही. भागोजीतात्यांना यावर पण हसायचं असेल तर त्यांनी काकीच्या खळ्यात जाऊन हसावं.

दादूसाठी मी आता भांडत नाही. जागा एकच आहे आणि या पोराची आई जिवंत आहे.

मी कधी येईन ते माहीत नाही. आलो की आधी पाया पडेन, मग काय बोलायचं ते बोला.

तुमचा
सर्वेश

ता. क. दगडवाला एका नावाचे साडेतीन हजार घेतो असं तुम्हीच मीटिंगमध्ये बोललात. आईच्या खात्यात सात हजार टाकलेत.