आईबाबांची खोली

३ तारीख
पोचलो एकदाचे! हॉटेल कसलं, राजवाडाच. संगमरवरी जिना, पितळी दाराची लिफ्ट, आणि पलंग एवढा ऐसपैस की आई आणि मी एकमेकींना सापडायचो नाही. लग्नानंतर आईबाबा इथेच आले होते, याच खोलीत. बाबा गेल्यापासून आई नुसती भिंतीकडे बघत बसायची, म्हणून हट्टाने आणलं तिला. सासूबाईंच्या मधुचंद्रात तू कशाला लुडबुड करतेस, असं नवऱ्याने चिडवलंही. गुडघे धरत आई खिडकीशी गेली आणि खालच्या चौकातलं कारंजं बघून चक्क हसली. मला भरून आलं.

४ तारीख
आईने पोटभर नाश्ता केला. मग बाल्कनीत दोन चहा मागवले. मी चहा घेत नाही, तिला ठाऊक आहे. अंघोळ करून आले तर दोन्ही कप रिकामे. हे प्यायले, म्हणाली. हे म्हणजे बाबा. खुशीत आहे ना, असू दे.

५ तारीख
आज लिफ्ट नको म्हणाली. पदर खोचला आणि धावतच जिना चढली! पांढऱ्या केसांची मुळं काळी झालीत. तिने कधी रंग लावलेला नाही. मला आनंद व्हायला हवा. पण दुपारी तिने मला दोनदा 'अहो ताई' म्हटलं.

७ तारीख
नाश्त्याला आईसमोरच्या खुर्चीवर बसायला गेले, तर वेटरने अदबीने अडवलं. ही जागा साहेबांची, म्हणाला. खुर्ची रिकामी होती. तिच्यातून बाबांचं खाकरणं ऐकू आलं. खरंच ऐकलं मी.

बॅग भरली. आईचा दंड धरून ओढलं, घरी चल म्हणून रडले. ती किंचाळली. मॅनेजरला म्हणाली, ही बाई कोण? मला मूलबाळ नाही, आत्ताच तर लग्न झालंय.

नवऱ्याला फोन केला. आवाज त्याचाच. म्हणाला, राँग नंबर. माझं लग्नच झालेलं नाही.

८ तारीख
खोलीबाहेर बसलेय. कोणी हटकत नाही. कोणाला दिसतच नाही मी — बोटांमधून कागद दिसतोय — पेन घसरतंय —

आत्ता दार वाजवलं. आईने उघडलं. विशीतली. मागे बाबा, काळ्याभोर मिशांचे. क्षणभर भीतीच विसरले. बाबा —

"तू कोणाची गं?" तिने विचारलं.

"तुझीच. आई, तुझीच —"

ती थबकली. माझ्या गालाकडे हात आला तिचा. तेवढ्यात त्यांनी हाक मारली. वळली.

दार अजून किलकिलं आहे. अजून एकदा हाक मारते. आईच आहे ना ती — ऐकेल — नक्की ऐ