उजवीकडचं दार

अंधेरी,
भाद्रपद वद्य अष्टमी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला माणूस सोमवारी येऊन गेला. टोपी हातात धरून अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, मामलेदारसाहेबांनी बहिणीची जुनी गाडी न्यायला सांगितलंय, लॉरी कोपऱ्यावर आहे. मी त्याला पोहे दिले, चहा दिला आणि लॉरी रिकामी परत पाठवली. जाताना बिचारा एवढा घाबरला होता, की साहेबाने त्याला नुसतं पाठवलं नव्हतं, तंबी देऊन पाठवलं होतं हे माझ्या लक्षात आलं. त्याच्यावर रागावू नकोस. मी कुणाचं ऐकत नाही हे तुला ठाऊक आहे, त्याला कुठून असणार?

मी संशयी आहे, हे तू चड्डीत होतास तेव्हापासून म्हणत आलायस. दुधावरची साय गेली की मी आधी तुझे ओठ बघायची, आणि बहुतेक वेळा तिथेच सापडायची. म्हणून आता विचारते, रागावू नकोस. इतकी वर्षं तू अंधेरीला फिरकला नाहीस. भाऊबीजेला साडी टपालाने येते, तीही तुझ्या बायकोने निवडलेली. माझ्या चार पत्रांना तुझं एक उत्तर. श्रावणात मी सहज लिहिलं, की ह्यांची मॉरिस दुरुस्त करायला काढली आहे, तर उलट टपाली तुझं पत्र हजर! ‘ताई, त्या भंगारात जीव घालू नकोस, मोडीत काढ, मी व्यवस्था करतो.’ संगमनेरात मामलेदाराला दुसरी कामं नाहीत, म्हणून माझ्या गंजलेल्या पत्र्याची चिंता? तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो थांबला नाही.

गाडीला हात लावला तो नंदूमुळे. तुझा भाचा आता फोर्टात नोकरीला लागलाय, उंचीने थेट बापावर गेलाय, दारातून वाकून आत येतो. पण बापाचं नाव घरात काढू देत नाही. ह्यांचा फोटो त्याने भिंतीवरून काढून ट्रंकेत टाकला. गेल्या वर्षी पक्षाला बसला नाही, आणि यंदा ज्येष्ठात, ह्यांच्या वर्षश्राद्धाच्या षष्ठीला, सकाळी उठून चपला घालून निघून गेला. भटजी दारात, खीर चुलीवर. म्हणाला, एका गरीब माणसाचा पाय मोडून गाडी मोरीच्या कठड्यावर घालणाऱ्या माणसाला मी पाणी देणार नाही. आणि ते डबडं आधी विकून टाक. मी म्हटलं, विकणार नाही, दुरुस्त करणार. खरं सांगू? त्या क्षणी मी ते नुसत्या हट्टाने बोलले. दुरुस्त म्हणजे काय करायचं ह्याचा मला पत्ता नव्हता.

मरोळचा दशरथ तुला आठवत असेल, पत्र्याचं काम करणारा, ढेरपोट्या. त्याला बोलावलं. त्याने ताडपत्री वर केली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “बाई, ही गाडी नाय, चाळण आहे चाळण.” ते काही खोटं नव्हतं. ह्यांच्या कंपनीच्या साहेबाकडे होती तेव्हाच ती मढला समुद्राकाठी असायची, खारी हवा तिच्या हाडांत मुरलेली. ह्यांच्या हाती आली तेव्हा वरून झकास काळी आणि आतून पोखरलेली होती. दशरथ बोलतो फार आणि ठोकतो कमी. मढला सिनेमावाल्यांच्या गाड्या आपणच सरळ केल्या असं सांगतो, आणि माझ्या एका चाकाचा चकचकीत टोप त्याच्या पिशवीतून गेला असा मला संशय आहे. पण शिकवलं त्यानेच. रोज घासलेटच्या बोळ्याने पुसायचं, खरवडणीने खरवडायचं, पॉलिश पेपरने घासायचं. मी शाळेतून आले की पदर खोचून बसायची. शेजारची कुंदा कुंपणावरून बघायची आणि मग साऱ्या आळीला बातमी, की मास्तरणीने लोहाराचं दुकान घातलं.

पहिले दिवस मी वाट लावली. पोचा बाहेरून ठोकला तर तो आणखी आत गेला. मग दशरथने दाखवलं, आतून लोखंडाचा ठोकळा लावून बाहेरून लाकडी हातोडीने हळूहळू मारायचं. मी जोर लावून लावून मारलं, तर पत्रा पोळीसारखा पसरला आणि फुगून बसला, सपाट काही होईना. भोकांचं तर विचारू नकोस. मी हुशारी केली, गंजावरूनच पुटी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, लिंपली, वरून लाल रंग दिला. कुंदासुद्धा म्हणाली, छान झालं हो. पावसाची ओल लागली आणि आठवड्याभरात त्याला फोड आले. अंगठ्याने दाबलं तर अंगठा थेट आत! दशरथ पोट धरून हसला. सडलेला पत्रा कापून काढायचा, लखलखीत लोखंड लागेपर्यंत काढायचा, मग नवा तुकडा जोडायचा, ह्याला दुसरा उपाय नाही म्हणाला. तेव्हापासून मी कापत सुटले.

हे काम करताना हात गुंततात आणि डोकं मोकळं राहतं, तेच वाईट. मला सारखा तो दिवस आठवायचा. तू आमच्याकडे आला होतास. मामलेदारीच्या नेमणुकीचा हुकूम त्याच आठवड्यातला, आळीत पेढे मीच वाटले. दुपारी हे म्हणाले, बाळला गोरेगाव स्टेशनवर सोडून येतो. संध्याकाळी आरे कॉलनीतून निरोप आला, की गाडी वळणावर एका माणसाला उडवून मोरीच्या कठड्यावर आदळली, उजवी बाजू पार चेपली. तो माणूस गुणाजी, तबेल्याच्या गवताचा भारा डोक्यावर घेऊन चालला होता. मागून धक्का बसला, तोंडावर पडला, त्याने काही पाहिलं नाही. पोलिसांना ह्यांनी तिथेच सांगितलं, बाळला सोडून मी एकटा परत येत होतो, गाडी मी चालवत होतो. कबूल केलेल्या माणसाची कोण चौकशी करतो? ठाण्याच्या तुरुंगात गेले, कंपनीतली नोकरी गेली, सुटून आल्यावर लाकडाच्या वखारीत कारकुनी केली आणि काविळीत गेले. नंदूला शाळेत पोरं चिडवायची ते वेगळंच.

तेव्हा मला एक गोष्ट खटकली होती ती मी दाबली. तुझी वळकटी आमच्या घरीच राहिली होती. स्टेशनवर जायला निघालेला माणूस, नव्या गावी पहिल्यांदा रुजू व्हायला निघालेला, वळकटी कशी विसरतो? मी ती पार्सलने पाठवली आणि तू पोचपावतीचं कार्डसुद्धा लिहिलं नाहीस. आणि आठवतं ना, त्या मुक्कामात तू रोज ह्यांच्या मागे लागायचास, भाऊजी, एकदा हातात द्या ना, आरेत रस्ता मोकळा असतो. हे हसून म्हणायचे, आधी लायसन काढ.

गाडी घरी ओढून आणल्यावर ह्यांनी तिच्यावर ताडपत्री घातली आणि कुणाला हात लावू दिला नाही. दशरथ दोनदा विचारून गेला. हे म्हणाले, गंजू दे. मला वाटलं, लाज वाटते म्हणून. दिवाळीला मात्र गुणाजीच्या घरी फराळ घेऊन न चुकता जायचे, आता मी जाते. गेल्या दिवाळीत गुणाजी काठी टेकून ओट्यावर बसला होता, त्याची बायको वनमाला आत चहा करत होती. बोलता बोलता म्हणाला, “बाईनू, तुमचो घोव माज्या पायाक हात लावन रडलो हां. पण ‘गाडी माझ्या हातात होती’ असा काय तो कदी माका बोललो नाय.” मी घरी आले आणि रात्रभर ते वाक्य डोक्यात घोळवत राहिले. पोलिसांपुढे बोलले, कोर्टापुढे बोलले, आणि ज्याचा पाय गेला त्याच्यापुढेच बोलवलं नाही?

आता ह्या महिन्यातली गोष्ट सांगते. सगळी गाडी झाली, उजवीकडचं दार तेवढं राहिलं होतं. अपघातात चेपून चौकटीत जे रुतलं ते तेव्हापासून बंद. बिजागऱ्या कापूनच ते निघालं. ते निघालं आणि मी पहिल्यांदा आत, चालवणाऱ्याच्या जागी बसले. बाळ, मला नीट बसता आलं. पाय थेट पायट्यांवर पोचले, हात चाकावर. तुला माहीतच आहे, आपल्या घराण्यात उंची नाही. आपण दोघं भिंतीशी उभे राहिलो की आईची खूण एकाच जागी पडायची. आणि हे म्हणजे दीपमाळ. लग्नात अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखले होते. मी सीट मागे सारायला गेले तर हलेना. खालच्या लोखंडी पट्ट्या गंजून एकजीव झालेल्या, दशरथने हातोडी घातली तरी केसभर सरकल्या नाहीत. पार पुढच्या टोकाला ओढलेली सीट, बुटक्या माणसाने ओढावी तशी.

मी संशयी, पण उतावीळ नाही. आधी स्वतःवरच संशय घेतला. मागाहून कुणी पुढे ओढली असेल, असं म्हटलं. दशरथला विचारलं, कारण आरेतून गाडी दुधाच्या लॉरीला बांधून ओढत आणली ती त्यानेच, चाक कुणी धरलं होतं? तो म्हणाला, “मीच की! पण ते दार उघडत होतं कुठं? डाव्या अंगाने बसलो आणि वाकून एका हाताने चाक धरलं. मधल्या दांड्यावरून पलीकडे जायला माझं पोट बघा ना, बाई.” त्यानंतर ताडपत्री. ताडपत्रीखाली कोण जाणार? हे तर कुणाला जाऊच देत नव्हते. ते का जाऊ देत नव्हते, हे आत्ता कळलं आणि मी त्या गाडीत बसून मोठ्याने रडले. कुंदा कुंपणावरून बघत होती, बघू दे. मला ह्यांचा राग आला. जगाला नाही, निदान मला तरी सांगायचं होतं. माझा भाऊ म्हणून माझ्यापासूनच लपवलं असणार, दुसरं काय?

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. मला कोर्ट नको, तुझ्या साहेबांना मी ओळ लिहिणार नाही, तुझ्या बायकोला काय कळू द्यायचं ते तू ठरव. पण काल नंदू अंगणात आला. दार निघालेलं बघून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, गाडीत बसायला गेला. त्याचे गुडघे चाकाला अडले, पाय दुमडून पोटाशी आले. हसला आणि म्हणाला, “आई, बाबा इथे बसायचे तरी कसे गं?” मग त्याचं हसू थांबलं आणि तो माझ्याकडे बघत राहिला. मी खोटं बोलले. म्हटलं, गंजाने सरकली असेल पुढे. पण माझाच मुलगा आहे, त्याला ते पटलं नाही. मी खरं सांगितलं तर म्हणेल, आई नवऱ्याची बाजू घेते. ते त्याला फक्त तूच सांगू शकतोस, तेही त्या सीटवर बसून. दशरथ रोज तेलाची बुधली घेऊन मागे लागतो, मी त्याला सीटखालच्या पट्ट्यांवर थेंब टाकू दिलेला नाही. पक्षातली ह्यांची षष्ठीही तशीच गेली, पण सर्वपित्री अजून आहे. नंदूने आपल्या बापाला पाणी द्यावं एवढंच मला ह्या जन्मी हवं आहे, आणि त्यासाठी मला तू हवा आहेस. सर्वपित्रीला ये. भटजी येण्याआधी ये.

तुझीच,
ताई