लोबानचा वास

गुरुवार, मगरिबच्या नमाजानंतर. मंगळवार पेठ.

शर्ट बदलला, तोंड धुतलं, तरी लोबानचा वास नाकातनं जात नाही.

अम्मी दर गुरुवारी लोबान जाळून फातेहा देते. आधी पीरबाबांचं नाव, मग घरातल्या मेलेल्यांची नावं एकेक करून, आणि त्यांच्या नावानं मलिद्याचं ताट. पीर-फातेहा न मानणाऱ्या सलफी मंडळींत मी जायला लागल्यापासून ते ताट डोळ्यांत खुपतं. बिदअतच ही, धर्मात मागनं घुसडलेली रीत, दुसरं काय? गेल्या गुरुवारी उचललं आणि कोंबड्यांपुढं ओतलं. वर म्हणालो, "मेलेल्यास्नी काय पोचत न्हाय अम्मी. अब्बांची माती झाली."

माती म्हणायला नको होतं. पण खोटं काय बोललो?

आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. आज परत लोबान जाळला. मी अडवायलाच दारात उभा राहिलो. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. अब्बांचं नाव घेतलं, चाचांचं, जन्मून लगेच गेलेल्या माझ्या बहिणीचं. आणि त्याच आवाजात, "माझा थोरला, सलीम."

लोबानच्या धुरात मला आधी कळलंच नाही. मग ओरडलो, "अम्मी, मी जित्ता हाय की!"

तिनं शांतपणे दुवा पुरी केली. मूठभर मलिदा माझ्या धाकट्या भावाच्या हातावर ठेवला, थोडा स्वतः खाल्ला. मग आठवड्यात पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"तुला कशाला लागलं रं? मेलेल्यास्नी काय पोचत न्हाय म्हणतोस न्हवं?"