मोठ्या क्लबात जायचं वर्ष

३ मार्च, सोमवार
ठरलं. यंदा मेलबर्नच्या मोठ्या फुटबॉल क्लबात फिजिओ म्हणून जायचंच. बेंडिगोच्या क्लिनिकमध्ये शिक्षिकांच्या माना चोळायच्या आणि शनिवारी गावच्या टीमच्या पोटऱ्या. बास झालं. ऑर्लाने जाहिरात वाचली. म्हणाली, "अरे कॅलम, यात तर वृद्धाश्रमवाले देतात त्यापेक्षा कमी पगार आहे." म्हटलं, ही नुसती सुरुवात. पुढे वर सीलिंगच नाही. "आणि खाली फरशी? सप्टेंबरमध्ये बाळ येतंय." बायकोला दूरदृष्टी नाही. मी अजिबात घाबरलेलो नाही. छाती धडधडते ती कॉफीने. कॉफी कमी करणे.

१५ मे, गुरुवार
कोच स्ट्राऊडने बाजूला घेतलं. शनिवारी मोठ्या क्लबाचा माणूस रीसला बघायला येतोय. रीस म्हणजे आमचा सगळ्यात वेगवान गडी, एरवी सुतारकाम करतो. येणारा माणूस कोचचा मेहुणा. "तुझंही नाव घालतो त्याच्या कानावर," कोच म्हणाला. "पण रीस खेळला पाहिजे. फिट आहे ना?"
रीसच्या मांडीमागचा स्नायू सोमवारपासून धरलाय. दाबला की ओरडतो. उत्तर स्पष्ट होतं.
मी म्हटलं, "बघू."
घाईत बोलणं माझ्या पेशाला शोभत नाही.

१६ मे, शुक्रवार
रीसला पुन्हा तपासलं. पाय निम्माही वर जाईना. म्हणाला, "डॉक, खरं सांग. खेळू का?" मी त्याला स्नायूची रचना, ताजं संशोधन, शक्यता, सगळं समजावलं. बराच वेळ. तो म्हणाला, "म्हणजे खेळू?" म्हटलं, शरीर तुझं, निर्णय तुझा. ही आधुनिक पद्धत आहे. तो शीळ घालत गेला. मला दरदरून घाम. थंडी सुरू झाली की इथे हीटर फार वाढवून ठेवतात.

१७ मे, शनिवार, दुपारी
पुन्हा टॉयलेट. मैदानावरच्या स्टॉलचा मीट पाय, म्हणजे ती खिमा भरलेली पेस्ट्री, बाधली असणार. अजून खाल्लेली नाही, पण वासानेही बाधते.

त्याच दिवशी, संध्याकाळी
रीस धावायला लागला की मी बुटाच्या नाड्या बांधत होतो. चारपैकी तिसऱ्या क्वार्टरला मैदान एकदम गप्प झालं. वर पाहिलं. रीस चिखलात, मांडी दोन्ही हातांनी धरून. धावलो. हात लावला तर स्नायू हवा तिथे खड्डा. तो रडत नव्हता. इतकंच म्हणाला, "तुला माहीत होतं ना, डॉक?"
मी बर्फ लावला. बर्फ उत्तम लावला.
कोच कुंपणापासून ओरडला, "बघू म्हणालास की रे तू! मला वाटलं, म्हणजे हो!" मेहुणा गाडीत बसून निघून गेला.

२५ मे, रविवार
रीसचं ऑपरेशन झालं. हा सीझन गेला. शिडीवर चढणं बंद, म्हणजे कामही बंद. भेटायला गेलो. त्याच्या घरासमोर गाडीत बसून राहिलो. खिडकीचा पडदा हलला. हात स्टिअरिंगवरून सुटेनात. आजारी माणसाला विश्रांती हवी, या विचाराने परत आलो. ऑर्लाला सांगितलं, बरा दिसला.

५ जून, गुरुवार
मेलबर्नच्या क्लबाने मुलाखतीला बोलावलं होतं! गुणवत्ता लपत नाही. समोर तिघं. पहिलाच प्रश्न, "कोचच्या मनाविरुद्ध खेळाडूला बाहेर बसवलंत, असा एखादा प्रसंग सांगा." आठवू लागलो. तिघांतल्या बाई म्हणाल्या, "सावकाश आठवा." खूप सावकाश आठवलं. शेवटी त्यांनी पाणी मागवलं. एकंदर छान झाली.

२३ जून, सोमवार
मेलबर्नचा नकार शुक्रवारी आला. आज वृद्धाश्रमात रुजू. पगार खरंच जास्त आहे. ऑर्लाने शर्टाला इस्त्री करून दिली.
पहिल्या पेशंट मिसेस पेट्राकिस. वय अठ्ठ्याऐंशी, खुबा नवा बसवलेला. घोटा टम्म सुजलेला. म्हणाल्या, "चहाला चालत जाऊ ना रे, बाळा?" छातीत धडधड. तोंडाला कोरड. तरी म्हटलं, "नाही. आज नाही." आयुष्यात पहिल्यांदा. आवाजही चांगला खणखणीत निघाला.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "बरं हं" म्हणाल्या, काठी उचलली आणि गेल्या चालत.
मी चाकांची खुर्ची ढकलत मागोमाग.